उष्ण-दमट देशात मिशन सेवेला जाताय? बॅगेत काय भरायचं ते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीतली पोरंपोरी आता शिकवायला, नर्सिंगला, होस्टेल सांभाळायला लांबच्या मुलखात सेवेला जायला लागलीत. कोण युगांडाला, कोण घानाला, कोण अंदमानला. निघायच्या आधी सगळ्यांचे आणि त्यांच्या आयांचे प्रश्न तेच असतात. मी स्वतः युगांडात मिशनच्या शाळेत शिकवलंय आणि आता जाणाऱ्यांच्या बॅगा भरायला मदत करते, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर दांपत्य कोल्हापुरात आलं, तुम्हाला निदान आधी जाऊन आलेली, सांगणारी माणसं आहेत, तर विचारून घ्या.

आम्हाला कोल्हापूरच्या उन्हाची सवय आहे की, मग वेगळी तयारी कशाला?

कारण तिकडं त्रास उन्हाचा कमी आणि दमटपणाचा जास्त आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ३८ च्या आसपास जातो पण हवा कोरडी, चादर गच्चीवर टाकली की बघता बघता कडक वाळते, आणि संध्याकाळी वारं सुटलं की जिवाला बरं वाटतं. घानातलं अक्रा नाहीतर टांझानियातलं दार-ए-सलाम अशा समुद्राकाठच्या शहरात पारा ३२ च्या पुढं फारसा जात नाही, म्हणजे आकडा बघितला तर आपल्यापेक्षा कमीच, पण घाम वाळत नाही, कपडा वाळत नाही, बूट वाळत नाहीत आणि हे महिनोन् महिने चालतं. त्यामुळं बॅग भरताना डोळ्यासमोर मे महिना आणू नका, गगनबावड्याचा जुलै आणा आणि त्यातनं गारठा तेवढा काढून टाका.

प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न विचारायचा, रात्री धुतली तर सकाळपर्यंत घरातल्या घरात वाळेल का? हे इथंच करून बघता येतं. पावसाळ्यात शर्ट भिजवा, पिळा, खोलीत दोरीवर टाका आणि सकाळी उठून कॉलर आणि खिशाची शिवण हाताला ओली लागते का बघा. ओली लागली तर तो शर्ट घरी राहू दे.

कपडे किती घ्यायचे? दोन वर्षांसाठी जायचंय.

दोन वर्षं असो नाहीतर दोन महिने, कपडे एका आठवड्याचेच. पोरांनी चार-पाच शर्ट, तीन पँट, घरात घालायला दोन टी-शर्ट आणि एक बर्मुडा. पोरींनी चार-पाच कुर्ते किंवा टॉप, तीन सलवार नाहीतर गुडघ्याखाली येणारे स्कर्ट, घरातला एक गाऊन. आतले कपडे मात्र आठ-दहा जोड तरी घ्या, इथं काटकसर नको, कारण घामाने दिवसातनं दोनदा बदलायची वेळ येते आणि ओलसर आतले कपडे अंगावर राहिले की मांड्यांत नायटा नक्की. पोरींनी अंगातले कपडे इथनंच पुरेसे नेलेले बरे, मापाचे आणि सवयीचे तिकडं मिळतीलच असं नाही.

टॉवेल नको. जाड टर्किशचा टॉवेल तिकडं कधीच पूर्ण वाळत नाही, चौथ्या दिवशी वास मारतो. आपला साधा सुती पंचा घ्या, तीन-चार घ्या, लक्ष्मीपुरीत नाहीतर महाद्वार रोडला कुठंही मिळतात, लगेच वाळतात आणि वजन काहीच नाही. परदेशी याद्यांमध्ये महागडे मायक्रोफायबर टॉवेल लिहिलेले असतात, त्याची आपल्याला काही गरज नाही.

जीन्स एकही नको. आवडती आहे, प्रवासात घालायला लागते, सगळं मान्य, पण भिजली की दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिचं वजन किलोच्या घरात जातं.

सुती चांगलं की टेरिकॉट? सगळे सुतीच सांगतात.

कोरड्या उन्हाला सुती झकास आहे, पण सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि दमट हवेत ते सोडायला बघत नाही. शर्ट-पँटला टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर-सुती मिक्स बरं पडतं, लवकर वाळतं, चुरगळत नाही. शंभर टक्के पॉलिस्टरही नको, त्यात अंग उकडतं आणि घामाचा वास बसतो तो धुवून जात नाही. रेयॉनचे कुर्ते हल्ली सगळ्या पोरी घालतात, मऊ असतात खरं पण ओलं रेयॉन कमजोर होतं आणि रोज हाताने धुवून पिळलं की लवकर फाटतं. आतले कपडे आणि मोजे मात्र सुतीच.

खरेदी करायची तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जावा, होलसेलचा भाव मिळतो आणि एका फेरीत सगळं होतं. कापड घेऊन शिवणार असाल तर टेलरला मापापेक्षा ढगळ शिवायला सांगा, काखेत सैल पाहिजे, हवा खेळली पाहिजे. फिटिंगचा शर्ट तिकडं पाठीला चिकटून बसतो.

तिकडं वाळत घातलेल्या कपड्यांतनं अळी अंगात जाते म्हणे, खरंय का?

खरं आहे, आणि इथं मी जरा सविस्तर लिहिते कारण कपडे कुठले घ्यायचे हे यावर ठरतं आणि जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत टुंबू नावाची माशी असते, काही ठिकाणी मँगो फ्लाय म्हणतात. ती ओलसर वाळूत किंवा बाहेर वाळत टाकलेल्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. तो कपडा अंगावर चढवला की अंड्यातनं निघालेली बारीक अळी कातडीत शिरते आणि तिथं फोडासारखी गाठ येते, मध्ये एक छोटं भोक दिसतं. दिसायला भयंकर पण जीवघेणं नाही, दवाखान्यात नीट काढतात, घरी पिळून काढायला जाऊ नका कारण अळी आत फुटली की पिकतं.

उपाय साधा आहे, बाहेर वाळलेल्या प्रत्येक कपड्याला गरम इस्त्री. चादर, पंचा, आतले कपडे, मोजे सगळं, दोन्ही बाजूंनी, शिवणीवर आणि कमरेच्या पट्टीवर जरा दाबून. तिथल्या बायका लहान बाळांच्या लंगोटांनासुद्धा इस्त्री करतात ते याचसाठी. म्हणून कपडा निवडताना दुसरा प्रश्न विचारायचा, याला गरम इस्त्री सोसेल का? सुतीला चांगली सोसते, टेरिकॉटला मध्यम सोसते, नायलॉनची ट्रॅक पँट आणि ते चमकणारे स्पोर्ट टी-शर्ट इस्त्रीला लगेच आकसतात. अंगाला घट्ट बसणारे कपडे सुतीच घ्या म्हणते ते यासाठीसुद्धा. इस्त्री जमणार नसेल तर कपडे बाहेर टाकूच नका, खोलीत पंख्याखाली वाळवा, खिडकीला जाळी असली म्हणजे झालं. त्यासाठी नायलॉनची पाच मीटर दोरी आणि डझनभर चिमटे बॅगेत टाका. सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू विचाराल तर माझी ती दोरीच होती.

रंगाचं काही बंधन आहे का?

फार गडद आणि फार पांढरं दोन्ही टाळा. लाल मातीच्या गावात पांढरा कपडा दोन धुण्यात गेरूच्या रंगाचा होतो, उपासनेसाठी एक ठेवा बास. युगांडा-टांझानियाच्या जंगलाकडच्या भागात त्सेत्से माशी असते, तिच्या चाव्यातनं झोपेचा आजार होतो, आणि ती निळ्या-काळ्या रंगाकडं ओढली जाते, म्हणून तिकडं जाणाऱ्यांनी खाकी, बदामी, राखी, फिकट हिरवा असे रंग घ्यावेत.

आणि एक अगदी महत्त्वाचं. आर्मी प्रिंट नको! आपल्याकडं घरटी एक फौजी, त्यामुळं आर्मी प्रिंटची पँट, टी-शर्ट, टोपी, सॅक हे सगळं पोरांच्या अंगावर असतंच. युगांडा, घाना अशा बऱ्याच देशांत सामान्य माणसाने लष्करी छापाचे कपडे घालणं हा गुन्हा आहे, पोलीस पकडतात. भावाने प्रेमाने दिलेली सॅक असली तरी घरी ठेवा.

उपासनेला काय घालायचं? गरीब भाग आहे तर साधंच चालेल ना?

नाही चालणार. आफ्रिकेतल्या मंडळीत माणसं आठवडाभर शेतात राबतात पण रविवारी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, बायका रंगीत छापाच्या कापडाचे शिवलेले पूर्ण पोशाख घालून येतात. देवाच्या घरी नीटनेटकं जायचं, ही भावना आपल्या आज्यांची होती तीच. बाहेरनं आलेला सेवक चुरगळलेला टी-शर्ट आणि फ्लोटर घालून पुढं उभा राहिला तर त्यांना वाटतं आपल्याला कमी लेखलं. एक फुल शर्ट, एक फॉर्मल पँट, एक टाय. कोट नको, लागला तर तिथं कोणीतरी देतं.

बायकांनी एक-दोन साड्या जरूर न्याव्यात, सिंथेटिक किंवा मिक्स, काठाची हलकी. सिल्क नको, घामाचे डाग पडतात आणि बुरशी धरते. साडी नेसून गेलं की तिथल्या बायका जवळ येतात, हात लावून बघतात, बोलणं सुरू होतं. गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत हे खेड्यात बहुतेक सगळीकडं पाळतात. आणि गेल्यावर तिथलंच कापड घेऊन तिथल्या शिंप्याकडनं एक ड्रेस शिवा. पूर्व आफ्रिकेत त्याला किटेंगे म्हणतात. त्यासाठी बॅगेत आणि खिशात दोन्हीकडं जागा ठेवा.

कोल्हापुरी चप्पल न्यायची का?

२०१९ मध्ये जीआय टॅग मिळालेली आपली चप्पल, अभिमान मलाही आहे, पण रोजच्या वापराला नको. चामड्याला ओल चालत नाही, आपण इथं पावसाळ्यात ती घालत नाही, आणि तिकडं कपाटात नुसती ठेवली तरी आठवड्यात हिरवी-पांढरी बुरशी येते. तिथल्या पाळकसाहेबांना भेट म्हणून एक जोड न्यायची असेल तर चप्पल लाइनीतनं घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पोचल्यावर लगेच देऊन टाका.

रोजच्यासाठी एक जाड सोलचे फ्लोटर, एक पूर्ण बंद बूट आणि बाथरूमची रबरी स्लीपर. बंद बूट कॅनव्हासचा किंवा जाळीचा, आणि जमलं तर त्याचे दोन जोड, म्हणजे एक घालताना दुसरा वाळतो. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. अनवाणी फिरायचं नाही, अंगणातसुद्धा नाही, मातीतनं हुकवर्म पायात शिरतात, आणि आफ्रिकेत जिगर नावाची पिसू असते ती पायाच्या बोटांत नखांजवळ घर करते. गमबूट तिथं बाजारात मिळतात, इथनं वजन वाहू नका.

रेनकोट की छत्री?

चालत फिरणार असाल तर छत्री. गरम पावसात रेनकोटच्या आत माणूस घामाने बाहेरच्यापेक्षा जास्त भिजतो. मोटरसायकलवर मागं बसून फिरायचं असेल, युगांडात त्याला बोडाबोडा म्हणतात, तर पातळ पोंचो घ्या आणि हेल्मेट तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात विकत घ्या. युगांडात पावसाळे दोन, साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्यामुळं "पावसाळा संपल्यावर जातोय" हे गणित तिथं चालत नाही.

मच्छरदाणी इथनं न्यायची का? ओडोमॉस पुरेल का?

मच्छरदाणी न्या, पहिल्या रात्रीपासनं पाहिजे. कीटकनाशक लावलेली मिळाली तर तीच, आणि एका हुकाला टांगायची गोल नको तर चौकोनी, कारण गोल दाणी झोपेत अंगाला चिकटते आणि डास बाहेरनंच चावतो. बरोबर सुतळी, चार हुक आणि सुईदोरा.

मलेरियाचा डास संध्याकाळपासनं पहाटेपर्यंत चावतो आणि डेंगीचा दिवसा, म्हणजे सुट्टी कधीच नाही. संध्याकाळी फुल बाह्या, फुल पँट, मोजे. अंगाला लावायचं क्रीम २० ते ३० टक्के डीटचं मिळालं तर जास्त वेळ टिकतं, फक्त एवढं लक्षात ठेवा की डीट प्लास्टिक विरघळवतं, चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, लायक्रा खराब होतो. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ते, मग त्याच्यावर डासांचं क्रीम.

औषधांच्या डब्यात काय काय?

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला, देशाप्रमाणे गोळी बदलते, काही आधीपासनं सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही ठराविक दिवस घ्यायच्या असतात, मध्येच सोडायच्या नाहीत. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर उन्हात कातडी लवकर भाजते, मग टोपी आणि फुल बाह्या हव्यातच.

बाकी ओआरएसची पाकिटं भरपूर, पॅरासिटामॉल, नायट्याचं मलम, घामोळ्याची पावडर, बँडेज, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या. चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरचा कागद. पोरींनी पहिल्या तीन-चार महिन्यांचे पॅड बरोबर ठेवावेत, खेड्यात दुकान लांब असतं. रोजची बीपी-शुगरची गोळी असेल तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि हातातल्या बॅगेत. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय अजिबात नेऊ नका, काही देशांत त्यावर कडक कायदे आहेत.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. युगांडा, घाना अशा देशांत कार्डाशिवाय घेत नाहीत, आणि तिकडनं परत येताना कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरनं सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. लस ठरावीक सरकारमान्य सेंटरवरच मिळते, त्यासाठी पुण्या-मुंबईची फेरी धरून चाला, आणि कार्ड लस घेतल्यापासनं दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा.

बायबल, भजनांचं पुस्तक, सर्टिफिकेट हे खराब होतं का?

होतं, पानं लाटेसारखी फुगतात आणि कडेला काळे ठिपके पडतात. झिपलॉकच्या जाड पिशव्या, आत सिलिका जेलच्या पुड्या, बूट-औषधांच्या डब्यांतनं निघतात त्या आतापासनं साठवा. चामडी कव्हरचं बायबल घरी ठेवा, रेक्झिनचं न्या. फोनमध्ये बायबल असलं तरी छापलेलं एक हवंच, लाइट जाते तेव्हा मेणबत्तीवर वाचता येतं. सर्टिफिकेटच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद मागितला असेल तरच मूळ. कॅमेरा, लॅपटॉप आठवड्यातनं दोनदा तरी चालू करा.

एक सूचना, केनिया, टांझानिया, रवांडात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. तिकडं जाणाऱ्यांनी सामान कापडी पिशव्यांत भरावं, झिपलॉकही शॅम्पू-साबणाला लागणाऱ्या एक-दोनच न्याव्यात.

चार्जर, पॉवर बँक, प्लग?

युगांडा, केनिया, टांझानियात तीन चपट्या पिनांचा प्लग, फिलिपिन्समध्ये दोन उभ्या चपट्या पिनांचा, पापुआ न्यू गिनीत तिरक्या पिनांचा. व्होल्टेज आपल्याएवढंच २२० ते २४०, त्यामुळं फोन-लॅपटॉपला फक्त अ‍ॅडॉप्टर लागतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनला देता येत नाही, आणि मर्यादा १०० वॅट-तास म्हणजे २०,००० एमएएचची बिनधास्त जाते. डोक्याला बांधायची एक टॉर्च घ्या.

चटणीशिवाय जेवण जात नाही, कांदा-लसूण चटणी नेता येते का?

न्या की. किलोभर पुरे, चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत सीलबंद करून, कारण हातातल्या बॅगेत तिखट सोडत नाहीत. घरी करताना आईला खोबरं न घालता करायला सांगा, दमट हवेत खोबरं लवकर खवट होतं. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका, तेल असल्यामुळं पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याकडं विमानाच्या चेक-इन सामानात त्याला बंदी आहे. गुळाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, दोन्ही नको. बी-बियाणं, कच्ची फळं कुठल्याच देशात नेऊ नका.

तिथलं जेवण चालू करा पण. मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवड्याची उसळ, आपल्या माणसाला जड जात नाही, वर चिमूटभर चटणी टाकली की झालं.

तिथल्या गरिबांना वाटायला जुने कपडे नेऊ का?

नको. जगभरचे जुने कपडे आधीच तिकडं येऊन पडतात, अक्राचा कांतामांतो बाजार त्यावरच उभा आहे. तुमच्या जुन्या शर्टाचं त्यांना अप्रूप नाही आणि तुमचे दहा किलो फुकट जातात. त्या जागी तिथल्या सेवकांना विचारा काय हवंय. शाळेला भूमितीच्या कंपास पेट्या लागतात, दवाखान्याला बीपीचं मशीन, पोरांना व्हॉलीबॉल आणि हवा भरायचा पंप. विचारून नेलेली एक वस्तू बरी.

वजन किती चालतं?

तिकिटावर लिहिलंय तेवढंच. बऱ्याच आंतरराष्ट्रीय तिकिटांवर २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा असतात, पण कोल्हापूरहून मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं तर त्यावर बहुधा १५ किलोच चालतं आणि जास्तीचे पैसे दणकून लागतात. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जावा, पोचवायला चार माणसंही येतात. एक संपूर्ण जोड कपडे, पंचा, औषधं, कागदपत्रं हातातल्या बॅगेत, मोठी बॅग हरवली तरी तीन दिवस निघाले पाहिजेत.

मी अंदमानला चाललोय, मला हे सगळं लागेल का?

अळीचं, पिवळ्या कार्डाचं, प्लगचं सोडून द्या, बाकी कपडे-बूट-बुरशी सगळं तसंच. तिथं दोन्ही मोसमी पावसांचा मारा असतो, वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर. छत्र्या दोन घ्या.

आई म्हणते स्वेटर घे. उष्ण देशात स्वेटर?

आईचं ऐका. युगांडाची राजधानी कंपाला ११००-१२०० मीटर उंचीवर आहे, पावसाळी रात्री पारा १७ पर्यंत उतरतो, आणि विमानातली रात्र तर गारच असते. पण हातविणीचा जाड लोकरी नको, तो तिथं ओल धरतो आणि वाळत नाही. चेनचं पातळ जॅकेट घ्या आणि ते बॅगेत न भरता अंगावर घालूनच निघा, तेवढंच वजन वाचतं.